फिंच ‘अचानक’ का मरतात आणि ते कसं टाळायचं: नवीन पाळणाऱ्यांसाठी पहिल्या दिवसापासूनची माहिती

सकाळी पिंजऱ्यावरचं कापड काढलं आणि काल संध्याकाळपर्यंत टुणटुण उड्या मारणारा पक्षी खाली ट्रेमध्ये पडलेला, हे ज्यांनी बघितलंय त्यांच्यासाठी आणि ज्यांच्यावर ही वेळ कधीच येऊ नये असं मला वाटतं त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्याकडे २०१९ पासून झेब्रा फिंच आहेत (चिमणीपेक्षाही लहान, दाणे खाणारे पिंजऱ्यातले पक्षी), सांगलीला, फ्लॅटमध्ये. पहिल्या दीड वर्षात आमचे पाच पक्षी गेले. प्रत्येक वेळी लोक म्हणाले की हे पक्षी नाजूकच असतात हो, पटकन जातात. मी पण तेच मानत होते. नंतर एका चांगल्या डॉक्टरांकडे बसून एकेका पक्ष्याची हकीगत सांगितली तेव्हा कळलं की पाचही जणांना कारण होतं, आणि पाचही कारणं आमच्या घरातलीच होती.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. फिंच आजार लपवतो. जंगलात जो पक्षी आजारी दिसतो तो आधी शिकार होतो, म्हणून अंगात त्राण असेपर्यंत तो खातोय, उडतोय, गातोय असंच दाखवतो. वजन जेमतेम १२ ग्रॅम, अंगाचं तापमान ४१-४२ डिग्री, म्हणजे भट्टी सतत पेटलेली आणि साठा काहीच नाही. त्यामुळे आपल्याला दिसेपर्यंत आजार चार-पाच दिवस जुना झालेला असतो आणि आपल्याला वाटतं एका रात्रीत गेला.

१. आणण्याआधी: कोणता पक्षी आणि कायदा

सुरुवात झेब्रा फिंच नाहीतर बेंगाली फिंचपासून करा. झेब्रा मूळचे ऑस्ट्रेलियातले, कोरड्या भागातले, काटक. नीट ठेवले तर ५ ते ७ वर्षं सहज जगतात, काही त्याहून जास्त. गोल्डियन फिंच रंगाने वेड लावतात पण ते पहिल्या वर्षी आणू नका, त्यांचं तंत्र वेगळं आहे.

आपल्याकडची लाल मुनिया किंवा कोणतीही देशी मुनिया पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बाजारात ‘ही पण फिंचच आहे’ म्हणून विकतात, कधी साध्या मुनियांना हिरवा-पिवळा रंग फासून विकतात. ते पक्षी जाळ्यात पकडलेले असतात, बरेचसे आठवडाभरात मरतात, आणि आपण पैसे दिले की आणखी पकडले जातात. जावा स्पॅरो विदेशी असला तरी आंतरराष्ट्रीय संरक्षित यादीत आहे, त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. झेब्राला तशी भानगड नाही, तरीपण पक्ष्याचं नाव लिहिलेलं बिल घ्या आणि जपून ठेवा.

पक्षी घरी यायच्या आधी हे सामान घरात हवं:

- किमान अडीच ते तीन फूट लांबीचा पिंजरा, गजातलं अंतर अर्ध्या इंचापेक्षा कमी
- वेगवेगळ्या जाडीच्या काठ्या (पेरू, कडुलिंब, जांभूळ, कोणत्याही औषध न मारलेल्या झाडाच्या)
- दाण्याची आणि पाण्याची प्रत्येकी दोन भांडी, आंघोळीला एक उथळ थाळी
- समुद्रफेस (कटलफिश या समुद्री प्राण्याचं पांढरं, हलकं हाड, कॅल्शियमसाठी)
- ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा, ऑनलाइन तीन-चारशेला मिळतो
- आजारी पक्ष्यासाठी वेगळा छोटा पिंजरा किंवा झाकणाला भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा डबा
- थर्मामीटर, खोलीचं तापमान दाखवणारा
- पक्षी बघणाऱ्या डॉक्टरांचा नंबर

शेवटची गोष्ट सगळ्यात आधी मिळवा. गावातले बरेच डॉक्टर गाई-म्हशी आणि कुत्री-मांजरं बघतात, बारा ग्रॅमचा पक्षी हातात धरायची सवय सगळ्यांना नसते. फोन करून सरळ विचारा, फिंच किंवा लव्हबर्ड बघता का म्हणून. मुंबईत परळला बैल घोडा हॉस्पिटल आहे, पशुवैद्यक महाविद्यालयं मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीरला आहेत, प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं. तिथून निदान कोणाकडे जायचं ते तरी कळतं. पक्षी खाली पडल्यावर रात्री साडेनऊला नंबर शोधत बसण्यात काही अर्थ नाही, मी ते केलंय.

२. दुकानात बघताना

लांब उभं राहून पाच मिनिटं नुसतं बघा. जवळ गेलं की सगळे पक्षी सावध होऊन तरतरीत दिसतात, लांबून खरं कळतं. जो गोळा होऊन, पिसं फुगवून, दिवसा डोळे मिटून बसलाय तो घेऊ नका, आणि त्याच पिंजऱ्यातला दुसरापण घेऊ नका. शेपटीखालची पिसं चिकट, ओली नकोत. शेपूट श्वासाबरोबर वरखाली हलत असेल तर नको. चोच उघडी ठेवून श्वास घेणारा, किंवा श्वासाला टिक-टिक असा बारीक आवाज येणारा तर अजिबात नको, श्वासनळीत बारीक किडे झाले की असा आवाज येतो.

झेब्रामध्ये नर ओळखायला सोपा, गालावर केशरी ठिपका, छातीवर काळ्या रेघा, चोच लालभडक. मादी करडी, चोच केशरी. चोच काळी असेल तर ते पिल्लू आहे, आईबापापासून लवकर तोडलेलं. दया येते, पण नवीन माणसाने ते घेऊ नये.

जोडीच घ्या, एकटा फिंच झुरतो. दोन नर आणि एक मादी असं कधीच नको, मारामारीत एक जण दाण्यापर्यंत पोचत नाही आणि तोच मग ‘अचानक’ जातो.

आणि धरताना. पक्ष्याला आपल्यासारखा छातीखालचा पडदा नसतो, छाती पुढे-मागे हलली तरच हवा आत जाते. मुठीत छाती आवळली गेली तर नाक उघडं असूनही तो गुदमरतो. मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये, पाठ तळव्याला, बाकी बोटं सैल. लहान मुलांच्या हातात देऊच नका, कितीही रडली तरी.

३. पिंजरा कुठे ठेवायचा

फिंच पोपटासारखा गजांवर चढत नाही, तो आडवा उडतो. म्हणून उंच, गोल, घुमटाचा पिंजरा दिसायला छान आणि पक्ष्याला बिनकामाचा. लांबट घ्या. नवीन जस्ताची जाळी असेल तर व्हिनेगर लावून ब्रशने घासा, धुवा, दोन दिवस उन्हात ठेवा, जस्ताचे सुटे कण पोटात गेले की विषबाधा होते.

जागा: एक बाजू भिंतीला, नजरेच्या उंचीवर, स्वयंपाकघरापासून लांब. सकाळचं कोवळं ऊन हवंच, पण काचेतून आलेलं ऊन ड जीवनसत्त्वासाठी चालत नाही, उघड्या खिडकीतलं हवं, आणि अर्धा पिंजरा कायम सावलीत. बाल्कनीत एकटं सोडून कामाला जाऊ नका. कावळा, शिक्रा, मांजर, तिघंही जाळीबाहेरून पंजा किंवा चोच घालतात. मांजराची नुसती नखं लागली, रक्त दिसलं नाही, तरी त्याच दिवशी डॉक्टर, कारण मांजराच्या तोंडातले आणि नखातले जंतू एक-दोन दिवसांत पक्षी मारतात.

मुंग्यांसाठी स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, जसं आपण पूर्वी दुधाचं भांडं परातीत ठेवायचो. मुंग्यांचा खडू पिंजऱ्याच्या आसपासही नको.

४. पहिले ३० दिवस वेगळं

आमचा पहिला गेला तो तिसऱ्या दिवशी. दुकानातून आणला, कोणता दाणा खात होता ते विचारलं नाही, आणलेल्या दिवशी सगळ्या सोसायटीची पोरं बघायला आली, पिंजरा हॉलमध्ये टीव्हीशेजारी. त्याने खाल्लंच नाही. फिंच पूर्ण एक दिवस उपाशी राहिला तरी जाऊ शकतो.

म्हणून दुकानदाराकडून त्याच दाण्याची अर्धा किलो पिशवी बरोबर आणा. पहिले तीन दिवस पिंजऱ्याच्या तीन बाजू कापडाने झाका, दाणा भांड्यात आणि थोडा खाली ट्रेवरपण पसरा, कारण घाबरलेला पक्षी भांड्याकडे जात नाही पण जमिनीवरचं टिपतो. कोणी बघायला येऊ देऊ नका.

घरात आधीचे पक्षी असतील तर नवीन पक्षी ३० दिवस वेगळ्या खोलीत. आधी जुन्यांचं दाणापाणी करायचं, मग नवीनचं, मग हात साबणाने धुवायचे. भांडी अदलाबदल नाही. नवीन पक्ष्याची शी डॉक्टरांकडे नेऊन तपासून घ्या, सूक्ष्मदर्शकाखाली दहा मिनिटांचं काम असतं आणि आतड्यातले परजीवी तिथेच कळतात. लोकांना हे फार वाटतं, मला पण वाटायचं, पण एका पक्ष्यापायी अख्खा कळप गेलेला मी ओळखीच्या घरी बघितलाय.

५. दाणा, आणि रिकाम्या टरफलांचा धोका

हे नीट वाचा, कारण यात सगळ्यात जास्त लोक फसतात.

फिंच दाणा सोलून खातो. आतला गर गिळतो आणि टरफल तिथेच भांड्यात टाकतो. दोन दिवसांनी भांडं बघितलं तर काठोकाठ भरलेलं दिसतं आणि आत दाणा एकही नसतो. आम्ही गणपतीला तीन दिवस गावी गेलो होतो, शेजारच्या काकूंना सांगून गेलो की दाणा संपला तर घाला. काकू रोज येऊन बघत होत्या, बिचाऱ्या मन लावून बघत होत्या, आणि भांडं रोज भरलेलंच दिसत होतं. आलो तेव्हा एक मादी गेलेली होती आणि नर भांड्यात चोचीने टरफलं उपसत होता. त्या भांड्यावर मी फुंकर मारली आणि सगळं उडून गेलं, तळाशी पाच-सहा दाणे. काकूंची काही चूक नव्हती, मी सांगितलंच नव्हतं.

तर रोज सकाळी भांडं उचलायचं, फुंकर मारायची, टरफलं उडवायची, मग नवीन दाणा. एका पक्ष्याला दिवसाला साधारण एक छोटा चमचा लागतो, थोडा जास्तच ठेवा. गावी जाणार असाल तर सांभाळणाऱ्याला तोंडी सांगू नका, समोर उभं करून एकदा करून दाखवा.

दाण्यात मुख्य राळा म्हणजे कांग, त्यात बारीक बाजरी, थोडी नाचणी, मिळाला तर कॅनरी सीड. सूर्यफुलाच्या बिया पोपटासाठी, फिंचला नाही. सुटा दाणा घेताना मूठभर हातात घेऊन वास घ्या. कुबट वास, जाळी, हिरवट-काळे दाणे असतील तर अख्खी पिशवी परत. पावसाळ्यात दाण्याला बुरशी धरते, त्या बुरशीचं विष लिव्हरवर जातं आणि पक्षी महिनाभर आतून खंगत राहतो, वरून काहीच दिसत नाही. एकदम पाच किलो आणू नका, महिन्यापुरता आणा, आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा म्हणजे किडे आणि अंडी मरतात, मग घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात. पावसाळ्यात थोडे दाणे चमच्यात घेऊन भिजवून बघायचे, दोन दिवसांत बहुतेकांना मोड आले तर दाणा जिवंत आहे.

६. दाण्याबरोबर काय

नुसत्या दाण्यावर फिंच जगतो पण टिकत नाही. कॅल्शियम दाण्यात जवळपास नसतंच. समुद्रफेस लावा, तो काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, कोकणातल्या किनाऱ्यावर तर वाहून आलेला पडलेला असतो. किनाऱ्यावरचा असेल तर तीन-चार दिवस गोड्या पाण्यात ठेवून रोज पाणी बदला, उकळा, उन्हात कडकडीत वाळवा. अंड्याची टरफलं दहा मिनिटं उकळून, वाळवून, चुरून दिली तरी चालतात.

आठवड्यातून दोनदा उकडलेलं अंडं, पांढरं-पिवळं दोन्ही, किसून, एका जोडीला छोटा चमचाभर. उन्हाळ्यात दोन तासांत काढून टाका, नाहीतर त्याचंच विष होतं. पाल्यात कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, काकडीची चकती. पालक कधीतरीच. भाजी मंडईतली असेल तर अर्धा तास पाण्यात बुडवून, दोनदा धुवून, झटकून, कारण फवारलेल्या पाल्याचं एक पानही १२ ग्रॅमच्या जिवाला खूप झालं. ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, खारे दाणे-फरसाण, फोडणीचं काही, यातलं काहीही नको.

पाणी आपण पितो तेच, रोज बदलायचं, उन्हाळ्यात दोनदा. भांडं काठीच्या खाली ठेवू नका, त्यात शी पडते. भांड्याला आतून बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागलं तर नुसतं विसळून भागत नाही, घासायलाच हवं. आंघोळीची थाळी सकाळी ठेवायची आणि दुपारी काढायची, संध्याकाळी ओला पक्षी झोपायला नको.

७. घरातली हवा

आमचे दोन पक्षी एकाच रात्री गेले ते यामुळे. पावसाळा होता, डास खूप, म्हणून खिडक्या लावून खोलीत कॉइल लावलेली, त्याआधी संध्याकाळी घरभर ऊद फिरवलेला. आमच्या घरात सांजवातीनंतर ऊद फिरवायची पद्धत आहे, सासूबाईंनी वर्षानुवर्षं केलेली, त्यात कोणाला काय शंका येणार. सकाळी एक खाली पडलेला आणि दुसरा काठीवर पुढे वाकून, चोच उघडी. तो दहा वाजेपर्यंत गेला.

पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते आणि पोटापर्यंत हवेच्या पिशव्या असतात, म्हणून आपल्यापेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन तो ओढून घेतो आणि तितकंच विषही. आपल्याला नुसता वास येतो तिथे त्याचं फुप्फुस भरून येतं.

पिंजऱ्याच्या खोलीत हे नको: कॉइल, लिक्विड मशीन, डासांचा स्प्रे, झुरळांचा स्प्रे, अगरबत्ती, धूप, ऊद, कापूर, रूम फ्रेशनर, डिओ, फिनेल आणि ॲसिडचा उग्र वास, डांबरगोळ्या, सिगारेट. डासांसाठी खिडकीला जाळी बसवा नाहीतर पिंजऱ्यावर मच्छरदाणी टाका. देवपूजा बंद करायची गरज नाही, देवघर आणि पिंजरा वेगळ्या खोल्यांत ठेवा, दार लावून घ्या आणि खिडकी उघडा. सासूबाई आता ऊद लावायच्या आधी स्वतः जाऊन पक्ष्यांच्या खोलीचं दार लावतात.

नॉनस्टिक भांडं हा वेगळा आणि सगळ्यात वाईट प्रकार. तवा रिकामा गॅसवर राहिला, खूप तापला, तर त्याच्या लेपातून जो वायू निघतो त्याला वासही फारसा नसतो आणि पक्षी काही मिनिटांत मरतो, उपचार करायला वेळच मिळत नाही. दुसऱ्या खोलीत असला तरी. काही इस्त्र्या, सँडविच मेकर, एअर फ्रायर यांच्या आतही तोच लेप असतो. आम्ही लोखंडी तव्यावर परत आलो.

घराला रंग द्यायचा असेल, पेस्ट कंट्रोल असेल, फर्निचरला पॉलिश असेल तर पक्षी आधीच दुसऱ्या घरी पाठवा आणि वास पूर्ण गेल्यावर, माझ्या मते किमान आठवड्याने, परत आणा.

८. रात्र

अंधारात काहीतरी हललं, पाल गजावरून गेली, भांडं पडलं, फटाका वाजला, की फिंच आंधळेपणाने उडतात आणि गजांवर डोकं आपटतं. सकाळी पक्षी खाली, अंगावर जखम नाही, पंखाची दोन-तीन पिसं ट्रेमध्ये. याला उपाय सोपा, खोलीत झिरोचा मंद दिवा रात्रभर ठेवा म्हणजे त्याला परत काठी दिसते. दिवाळीत आणि विसर्जनाच्या मिरवणुकीच्या दिवशी पिंजरा आतल्या खोलीत, खिडक्या बंद, वर जाड चादर पण एक बाजू हवेला उघडी. रोज १२ तास शांत झोप हवी, टीव्हीच्या खोलीत ती मिळत नाही.

खोलीत मोकळे सोडत असाल तर सीलिंग फॅन बंद, आरशावर कापड, बादलीतलं पाणी झाकलेलं.

९. उन्हाळा आणि पावसाळा

झेब्रा उष्ण देशातला म्हणून त्याला ऊन चालतं असं म्हणतात, पण तिकडे तो सावलीत जाऊ शकतो, आपल्या पिंजऱ्यात कुठे जाणार. चोच उघडी आणि पंख अंगापासून लांब धरलेले दिसले की उष्माघाताची सुरुवात. लगेच सावलीत, पायांना आणि पंखाखाली साधं पाणी लावा, बर्फाचं नको, थंड पाणी जबरदस्तीने पाजू नका. विदर्भ-मराठवाड्यात ४२-४५ डिग्रीला पिंजरा कूलरच्या खोलीत ठेवा पण थेट झोतात नाही, बाजूला ओलं गोणपाट टांगा. कोकण-मुंबईत उलटं, तिथे दमटपणा मारतो, म्हणून हवा खेळती हवी आणि ट्रेमधला कागद रोज बदलायला हवा. ओल्या शीमध्ये आतड्यातले परजीवी भराभर वाढतात.

१०. अंडी घालायला घाई नको

आमची पाचवी. मटकी, म्हणजे घरट्यासाठीचं छोटं मडकं, टांगली की जोडी लगेच अंडी घालायला लागते, आणि आपल्यालाही पिल्लांचा मोह असतोच. ती जेमतेम पाच महिन्यांची होती, समुद्रफेस संपलेला, थंडीचे दिवस. सकाळी ट्रेच्या कोपऱ्यात फुगून बसलेली, शेपूट वरखाली, पोटाखालचा भाग सुजलेला. मला वाटलं थंडी वाजतेय. दुपारपर्यंत गेली. अंडं अडकलं होतं.

मादी किमान सहा महिन्यांची, मी तर म्हणेन नऊ, झाल्याशिवाय मटकी लावू नका. वर्षाला दोन, फार तर तीन वेळा, मग मटकी काढून टाका. मटकी लावायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून कॅल्शियम आणि अंडं सुरू. कडाक्याच्या थंडीत नको. अंडी १२ ते १४ दिवसांत फुटतात, पिल्लं १८-२० दिवसांनी बाहेर येतात आणि त्यानंतरही दोन आठवडे बाप भरवतो, तोपर्यंत वेगळी करू नका. घरट्याला सुका चारा नाहीतर काथ्या द्या, बोटभर तुकडे करून. कापूस, लोकर, केस, शिवणाचा दोरा यात पाय अडकून सुजतो आणि झडतो.

अंडं अडकल्यासारखं वाटलं तर पोट दाबू नका, अंडं आत फुटलं तर संपलंच. ऊब, थोडा दमटपणा, आणि ताबडतोब डॉक्टर.

११. रोज सकाळची पाच मिनिटं

कापड काढताना लगेच जवळ जाऊ नका, लांबून मोजा, सगळे काठीवर आहेत का, कोणी खाली आहे का, कोण गात नाहीये. माझ्या नराचं गाणं पिपाणीसारखं आहे, ते एक सकाळ ऐकू आलं नाही तर मी आधी तिकडे जाते, चहा नंतर. मग ट्रेवरचा कागद बघा, म्हणून तर साधा पांढरा कागद घालायचा. चांगल्या शीत गडद भाग आणि वर पांढरा खडूसारखा भाग असतो. पाण्यासारखी, पिवळी-हिरवी, रक्ताची, किंवा अख्खा दाणा तसाच आलेला दिसला तर गडबड आहे.

आठवड्यातून एकदा वजन. वजन होईपर्यंत पक्ष्याला धरून ठेवावं लागत नाही, काट्यावर छोटा डबा ठेवून शून्य करा, पक्षी अंधारात हलक्या हाताने डब्यात घ्या, झाकण, आकडा वहीत लिहा. १२ चा साडेदहा झाला तर दीड ग्रॅम दिसायला काही नाही, पण ६० किलोच्या माणसाचे साडेसात किलो आठवड्यात उतरल्यासारखं आहे ते. त्याच वेळी छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा, दोन्ही बाजूला मांस भरलेलं हवं. हाड सुरीच्या पात्यासारखं लागलं तर पक्षी बरेच दिवस आजारी आहे, कितीही खाताना दिसू दे. उलट जास्त खातोय आणि तरी वाळतोय असं झालं तर पोटात बुरशी किंवा परजीवी असू शकतात.

१२. आजारी दिसला तर पहिल्या तासात

१. वेगळा करा, डब्यात तळाला टिश्यू पेपर, दाणा आणि पाणी जमिनीवरच, काठी नको.

२. ऊब द्या, ३० ते ३२ डिग्री. ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब डब्याच्या एका बाजूला बाहेरून, किंवा गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून. दुसरी बाजू थंड राहू दे म्हणजे त्याला हवं तिथे सरकता येतं. थर्मामीटर आत ठेवाच, अंदाजाने शेकून मारलेले पक्षीही असतात. उष्माघात असेल तर अर्थातच ऊब नाही.

३. अंधुक आणि शांत. दर दहा मिनिटांनी उघडून बघू नका.

४. डॉक्टरांना फोन. शीचा कागद, दाण्याची पुडी, वजनाची वही बरोबर न्या.

पेट शॉपमधली पाण्यात टाकायची अँटिबायोटिक पावडर स्वतःच्या मनाने देऊ नका. आजार बुरशीचा किंवा परजीवींचा असेल तर ती उपयोगाची नाहीच, वर बुरशी आणखी वाढते, आणि आजारी पक्षी मुळात पाणीच कमी पितो. माणसांचं औषध चिमूटभर देणं तर नकोच, बारा ग्रॅमला चिमूट म्हणजे किती हे आपल्याला मोजता येत नाही. नख कापताना रक्त आलं तर कॉर्नफ्लोअर किंवा हळद दाबून धरा, तेवढं घरी चालतं. बाकी चोचीत थेंब सोडणं टाळा, थेंब श्वासनळीत गेला की तिथेच संपतं.

१३. गेलाच तर

वाईट वाटतंच, पण मागे राहिलेल्यांसाठी दोन गोष्टी त्याच दिवशी करा. शरीर प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर कागद, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, खाण्याच्या वस्तूंपासून वेगळं, फ्रीझरमध्ये नाही, कारण गोठलं की तपासणीत नीट कळत नाही. २४ तासांच्या आत डॉक्टरांकडे किंवा पशुवैद्यक महाविद्यालयात शवविच्छेदनाला द्या. आमच्या पहिल्या चार पक्ष्यांचं मी हे केलं नाही, कुंडीत पुरले, म्हणून प्रत्येक वेळी पुढचा पक्षी त्याच घरात त्याच चुकीत राहिला.

दोन-तीन दिवसांत दोनपेक्षा जास्त पक्षी गेले, किंवा आजूबाजूला कावळे-कोंबड्याही मरताना दिसल्या, तर उघड्या हाताने शिवू नका, हातमोजे-मास्क घाला आणि पशुसंवर्धन विभागाला १९६२ या फोन नंबरवर कळवा. बर्ड फ्लू आपल्याकडे नवीन नाही, २००६ ला नवापूरला आणि २०२१ ला परभणीत मुरुंब्याला येऊन गेलाय.

पिंजरा गरम पाणी आणि साबणाने धुऊन उन्हात ठेवा, लाकडी काठ्या आणि मटकी टाकून द्या. मागे राहिलेला जोडीदार काही दिवस सारखा हाका मारत राहतो, कमी खातो, या दिवसांत त्याचं वजन रोज करा आणि दाणा जमिनीवर पसरून द्या. नवीन जोडीदार आणायचा तर परत ३० दिवस वेगळ्या खोलीत, पण दोघांना एकमेकांचा आवाज ऐकू जाईल इतक्या अंतरावर. आमचा नर सहाव्या दिवशी पलीकडच्या खोलीतल्या मादीला उत्तर द्यायला लागला आणि त्या दिवशी त्याने भांड्यातला दाणा खाल्ला.